शेजारणीच्या हातची सोलकढी

तुमच्या घरात कुणाचा कप वेगळा ठेवलेला आहे?

विचार करून सांगा, घाई नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा असेल, कान तुटलेला, खिडकीत उपडा घातलेला. कचरा न्यायला येणाऱ्याचा असेल. लगेच नाही म्हणू नका. मी मुंबईतल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत पाणी प्यायले आहे, आणि कुठल्या घरात आपल्यापुढे कुठला ग्लास आला हे आमच्या माणसांच्या चटकन लक्षात येतं. ते शिकवावं लागत नाही.

आमच्या घरात असा कप कधीच नव्हता. पप्पा छापखान्यात कामाला होते. मोर्चाची, जयंतीची, पाण्याच्या नळासाठीची, घरं तुटण्याविरुद्धची पत्रकं ते छापत आणि उरलेल्या प्रती घरी आणत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. बाकीच्या मुलांना परीकथा मिळाल्या, मला 'बंधू-भगिनींनो' मिळालं. शिवाय आमच्याकडे कागद वाया घालवणं पाप होतं, त्यामुळे वाचून झालेली पत्रकं आई स्वयंपाकघरात वापरायची. मांडणीच्या प्रत्येक रांगेत अंथरलेली पत्रकं, चपातीच्या डब्याच्या तळाशी पत्रक, भजी तळली की तेल शोषायला पत्रक. घाटकोपरच्या डोंगरावरची आमची खोली जाऊन खाली पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळालं, ओट्याला काळा दगड आला, तरी हे काही बदललं नाही. गरम भजीवर कधीकधी 'समता' हा शब्द उलटा उमटायचा आणि पप्पा तो भजीसकट खायचे. "आता पोटात गेली," म्हणायचे.

पुढे पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

डायलिसिसवरच्या माणसाच्या घरात राहिला नसाल तर एक गोष्ट तुम्हाला कळणार नाही. त्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. पप्पा बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. आम्ही त्यांच्यासमोर पाणी प्यायचं बंद केलं होतं, दोघी ओट्याकडे तोंड करून गुपचूप प्यायचो. नळाखाली हंडा भरतानाचा आवाज त्यांना सोसायचा नाही. ते दारातून बाहेर, लॉबीत जाऊन उभे राहायचे.

मग तपासण्या झाल्या आणि आईची किडनी जुळली. डॉक्टरांनी तिला विचार करायला वेळ दिला. ती म्हणाली, "विचार कसला? दोन आहेत ना?"

माझ्या आईची एक किडनी आज पप्पांच्या पोटात आहे. हे वाक्य मला अजून एका दमात म्हणता येत नाही. मी खूप भाषणं ऐकली आहेत, चार-दोन केलीही आहेत. माणसाने माणसासाठी काय करावं यावर मी तावातावाने लिहिते. पण माझी पोळ्या लाटणारी, सुट्ट्या पैशांसाठी भाजीवाल्याशी भांडणारी आई एका सकाळी स्ट्रेचरवर झोपून हात हलवत आत गेली, तेव्हा मला एकही शब्द सुचला नाही. मी नुसती बघत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. नवी किडनी लगेच काम करू लागली. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं. शरीर दुसऱ्याचा अवयव आपला मानत नाही, त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून गोळ्या देऊन शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवून ठेवायचं. ते झोपले की किडनी वाचते, पण मग बाहेरून कुणीही आत घुसू शकतं. तुम्हाआम्हाला ज्याने साधा ढेकरही येणार नाही, असल्या जंतूनेही हा माणूस जाऊ शकतो.

"म्हणजे आता पहारा कुणाचा?" मी विचारलं.

"तुमच्या ओट्याचा," त्या म्हणाल्या.

कच्चं काही नको. पाणी खळखळून उकळलेलं. अन्न ताजं, शिजल्यावर फार वेळ ठेवायचं नाही, शिळं तर नाहीच. मासे-मटण कापायचा बोर्ड वेगळा. ओट्यावरचं फडकं रोज उकळायचं. त्यांची ताटवाटी वेगळी, गरम पाण्यातून काढून झाकून ठेवायची. आणि बाहेरून आलेलं काही नको, कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. वॉर्डात पप्पांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, त्यांचं ऑपरेशन आमच्या आधी झालं होतं. ते हसत घरी गेले. घरच्यांनी जंगी स्वागत केलं, नातेवाइकांनी हौसेने डबे आणले, कोशिंबिरी केल्या. पप्पा अजून वॉर्डातच होते तेव्हा ते तापाने फणफणत परत आले. नंतर त्यांची खाट रिकामी झाली. ते घरी गेले नव्हते.

आई-पप्पांजवळ मामी थांबली आणि मला घर लावायला पाठवलं. मी मांडणी रिकामी केली. पत्रकं ओढून काढली, एकेक थर, जणू घराची सालं. सर्वांत जुना थर पिवळा पडून पत्र्याला चिकटला होता. समतेच्या, हक्काच्या, पाण्याच्या पत्रकांखाली झुरळांनी अंडी घातली होती. मी तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने हसले, मग मला रडू आलं, आणि मग मी उठून साबणाचं पाणी केलं. छपाईची शाई अन्नाला लागू देऊ नका, असंही त्या बाईंनी सांगितलं होतं. ज्या कागदांनी मला वाढवलं ते मी पिशवीत भरून बाहेर ठेवले.

त्यानंतर मांडणीची सर्वांत वरची रांग पुसून कोरडी केली आणि तिथे एक ताट, दोन वाट्या, एक चमचा, एक ग्लास ठेवून वर स्वच्छ पंचा टाकला. वेगळं ताट, वेगळा ग्लास. आमच्या घरात.

मी मागे सरकून बघितलं आणि अंगावर काटा आला.

आई आधी घरी आली, पप्पा नंतर. आईला वजन उचलायचं नव्हतं, ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि तो मला येत नव्हता. माझी खिचडी कधी सूप व्हायची तर कधी वीट. पण पाणी उकळायला मी शिकले. मोठ्या टोपात पाणी ठेवायचं आणि समोर उभं राहायचं. आधी तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरतात, मग ते सुटून वर येतात, मग कडेने कुजबुज सुरू होते, आणि एका क्षणी सगळं पाणी मुळापासून ढवळून निघतं. ते तसं बराच वेळ राहू द्यायचं. गार झालं की गाळून झाकायचं, आणि काढायचं ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने, म्हणजे बोटं बुडत नाहीत. इतकी वर्षं आमच्या घरात पाणी उकळत आलं, मी कधी पाहिलंच नव्हतं.

पप्पांना आता भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांचा ग्लास काठोकाठ भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. आधी नुसतं पाण्याकडे पाहिलं. मग दवाखान्याने घरातही लावायला सांगितलेला मास्क खाली केला आणि घटाघट, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होत होती. आई आतल्या खोलीत पडून ऐकत होती. ग्लास टेकवल्याचा आवाज आला तसं तिने विचारलं, "सगळं?"

"सगळं," पप्पा म्हणाले. "अजून दे."

आता काकूंबद्दल. आमच्या समोरचं घर मालवणकडच्या काकूंचं. त्यांचे सासरे गिरणीत होते, नवरा कुरियर कंपनीत आहे. आमच्या मजल्यावर दिवसभर दारं उघडी असतात आणि आमचं दार बरोबर त्यांच्या दारासमोर, त्यामुळे दोन्ही घरं म्हणजे मध्ये लॉबी पडलेलं एकच घर. काकूंकडून वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही हा आमच्याकडचा नेम. आई त्यात चिवडा घालायची, काही नसलं तर चिमूटभर साखर. अशा त्या वाट्या वर्षानुवर्षं फिरत होत्या. कुठली मूळची कुणाची हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आई घरी आल्याच्या दुपारीच काकू दारात. हातात झाकलेली वाटी, दुसऱ्या हातात तांब्या.

"काय गो, उठा नको, पडून रव. बांगड्याची आमटी आणलंय. आणि सोलकढी. भावोजी येतले तेंका खूप आवडता, माका ठावक असा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: काकू, बाहेरचं चालणार नाही. ते बाहेर पडलं नाही.

"ठेवा, काकू," मी म्हटलं.

पप्पा आल्यावरही तसंच चालू राहिलं. सोलकढी रोज. मी आणि आई ती पिऊन टाकायचो, आणि वाटी परत करताना काकू विचारायच्या, "आवडली तेंका?" मी म्हणायची, "हो ना, खूप." झालं, वाट लागली. आवडली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त यायची. मग त्यात कोथिंबीर जास्त, मग लसूण ठेचून, मग मोठा तांब्या. आईच्या टाक्यांना हिसका न बसेल अशा बेताने आम्ही दोघी हळूच हसायचो. पण रात्री पडल्यावर मला हसू यायचं नाही. कच्च्या नारळाचा रस. न उकळलेलं पाणी. ती वाटी रोज आमच्या ओट्यावर, त्यांच्या ग्लासापासून हातभर अंतरावर.

मग ती दुपार आली. आई आत झोपली होती. मी ओट्यापाशी पाणी गाळत होते. काकू आल्या त्या माझ्याकडे न येता सरळ पप्पांच्या कॉटपाशी गेल्या. हातात स्टीलचा ग्लास.

"भावोजी, ही घेवा. आत्ताच रस काढलंय. पोरगी तुमका अर्धीच देत असतली."

"अहो वहिनी, कशाला त्रास घेता," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

त्यांना सगळे नियम माहीत होते. शेजारची खाट रिकामी झालेली त्यांनी स्वतः पाहिली होती. पण ह्या माणसाने जन्मभर हेच छापलं आणि हेच सांगितलं की माणसाने माणसाच्या हातचं नाकारावं यासारखा दुसरा अपमान नाही. दारात प्रेमाने आलेला ग्लास नाकारायला त्यांच्या हातांना येतच नव्हतं. ग्लास ओठांपर्यंत गेला.

"ठेवा! ठेवा तो खाली!"

आई दारात उभी होती. पोटाशी उशी दाबून, वाकलेली, केस सुटलेले. ती तशीच पुढे आली आणि पप्पांच्या हातातून तिने ग्लास काढून घेतला. थोडी सोलकढी चादरीवर सांडली.

"पिऊ नका. त्यांच्या हातचं पिऊ नका."

काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. त्यांनी आईच्या हातातून ग्लास घेतला. "बरां," म्हणाल्या, आणि गेल्या. मग समोरचं दार लागलं. मला आठवतं तेव्हापासून ते दार दिवसाढवळ्या लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय बोललीस कळतंय का तुला?" पप्पा म्हणाले.

"कळतंय." आई खुर्चीत बसली होती. "माझ्या आजीला विहिरीवर लोक वरून पाणी ओतायचे. ओंजळ धरायची आणि प्यायचं. ती मला सांगायची. आज माझ्या तोंडून तेच निघालं."

"एक घोट प्यायलो असतो. काय मरणार होतो?"

तेव्हा माझा स्फोट झाला. "हो, मेला असता! पप्पा, तुमचं तत्त्व किडनीपेक्षा मोठं असेल, मान्य. पण ती किडनी तुमची नाहीये. ती आईची आहे. तिला विचारल्याशिवाय तुम्ही ती पणाला लावू शकत नाही."

पप्पांनी मास्क वर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. आई म्हणाली, "असं बोलतात का बापाला?" पण म्हणताना तिचा हात स्वतःच्या पोटावर होता.

मी ओट्यापाशी येऊन उभी राहिले. वरच्या रांगेत पंच्याखाली ते वेगळं ताट, तो वेगळा ग्लास. इतके दिवस मी तिकडे बघायचं टाळायची, आणि का ते आता कळलं. वेगळं भांडं म्हटलं की आमच्या रक्ताला एकच अर्थ ठाऊक. पण त्या विहिरीवर कुणी विचारलं असतं, का हो वरून ओतता, तर उत्तर काय मिळालं असतं? उत्तर नव्हतंच. होती फक्त एक भिंत. ह्या ताटाला मात्र उत्तर होतं. का, कशासाठी, किती काळ, सगळं सांगता येत होतं, कुणालाही, अगदी मुलालाही. स्वच्छतेला कारण विचारता येतं. सोवळ्याला विचारलं तर ते चिडतं. आमच्याकडे कारण होतं आणि आम्ही ते ज्या बाईला सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं नव्हतं.

मी जाऊन समोरचं दार वाजवलं.

काकूंनी उघडलं. पदर खोचलेला, हाताला पीठ. "काय गो, वाटी परत करूक इलंस?"

"नाही. बोलायला आले."

"बोल. पण थयसूनच बोल. आत इलंस तर बाटशील."

ते बरोबर लागायचं तिथे लागलं. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि त्यांच्या स्टुलावर बसले. आणि बोलायला लागले. शरीर, पहारेकरी, गोळ्या, जंतू, शेजारची खाट. मला वाटतं मी 'आपण सर्वांनी हे लक्षात घेतलं पाहिजे' असंही म्हणाले.

"भाषण नको देव," काकू म्हणाल्या. "सरळ सांग. माझ्या सोलकढीत काय वाईट असा?"

"काही नाही. तुम्हाला-मला ती पचते. पण नारळ कच्चा, पाणी न उकळलेलं, हाताने पिळलेली. त्यातून बारीकसं काही गेलं, तर पप्पांच्या पोटात त्याला अडवायला कुणी जागं नाहीये, काकू."

"म्हणजे माझ्या हाताचां नाय. उकळीचां."

"उकळीचं."

"आणि इतके दिवस आवडली, आवडली म्हणून सांगी होतंस ता?"

"मी आणि आई पीत होतो."

"सगळी?"

"सगळी. आईला तर चटकच लागलीय."

"मेल्यांनो!" काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. पण ते लगेच विझलं. "मग पयल्याच दिवशी तोंड शिवलां होतां तुमचां? मी काय परकी?"

"तसं नाही, काकू. आम्हाला 'नको' ऐकायची सवय आहे. कुणाला 'नको' म्हणायची नाहीये. कसं म्हणायचं ते आम्हाला येतच नाही."

काकूंनी हाताचं पीठ झाडलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी आईलाही सांगितली नव्हती. "मी दमलेय. मला भात नीट जमत नाही, आणि पप्पांना रोज खिचडी जात नाहीये. डबा नको. तुम्ही या. आमच्या ओट्यावर करा."

"सकाळी येतंय," त्या म्हणाल्या. "पाणी तापत ठेव."

त्या सकाळी आल्या तेव्हा हात रिकामे होते. केस वर बांधून त्यांवर धुतलेला रुमाल. नखं अगदी बोटापर्यंत कापलेली. सिंकपाशी जाऊन त्यांनी हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि रबर बँड लावून तिथेच अडकवल्या. मग साबण. मनगटापर्यंत, मग बोटांच्या बेचक्यांत, मग अंगठ्याभोवती. मी पाहत होते. डाव्या हातात सोन्याची अंगठी होती, लग्नातली. बोट जाड झालं होतं, अंगठी रुतलेली. त्यांनी ती फिरवली, हलेना. साबणाचा फेस केला, ओढली, पुन्हा फेस केला.

"काकू, राहू द्या ना," मी म्हटलं. "त्रास होतोय."

"तिच्याखालीच सगळी घाण रवता." त्यांनी दात आवळून पीळ दिला आणि अंगठी सुटली. तिच्याखालची कातडी पांढरीफट, ओलसर, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी होती. इतक्या वर्षांत तिला ऊन लागलं नव्हतं. त्यांनी तीही जागा साबणाने घासली आणि अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "सांभाळ. हरवलंस तर तुझो काका दुसरी नाय करूचो, दुसरी बायल करीत."

मी ती अंगठी भिंतीवरच्या तसबिरींपुढे, मेणबत्तीशेजारी ठेवली. मी समतेवर खूप वाचलं आहे, आणि मला वाटायचं की ती आली तर घोषणा देत येईल. ती आमच्या सिंकपाशी उभी होती, कोपरापर्यंत फेसाने माखलेली.

सगळं काही सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पहिल्याच डाळीला त्यांनी सवयीने पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला आणि तोच हात पळीकडे वळला. "काकू!" मी किंचाळले. "हां हां हां," म्हणत त्या सिंककडे पळाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारली. मग चवीला एक वाटी आणि एक चमचा वेगळा ठेवला. मी ओट्याच्याच फडक्याने हात पुसायची, त्यावरून त्या माझ्यावर ओरडायच्या. आई खुर्चीत बसून दोघींना हसायची आणि "हसवू नका गं, टाके तुटतील," असं म्हणायची.

भांडण झालं ते सोलकढीवरून. काकूंनी हट्ट धरला की उकळलेली सोलकढी करून दाखवते. नारळाचा रस मंद आचेवर ठेवला, ढवळत राहिल्या, कोकमाचं आगळ घातलं. फाटली. पुन्हा केली, पुन्हा फाटली. टोपात गुलाबी पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या.

"सोडा ना काकू," मी म्हटलं.

"गप रव." त्यांनी नारळ बाजूला सारला. नुसती कोकमं पाण्यात घातली, गूळ, मीठ, आणि गॅस मोठा केला. तुपात जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, कढीपत्ता. सार खळाखळा उकळलं, रंग गडद जांभळा-लाल झाला, घरभर आंबटगोड वाफ पसरली. ते तसंच बराच वेळ उकळू दिलं. मी वरच्या रांगेतला पंचा उचलला आणि ग्लास काढून दिला. काकूंनी ओगराळ्याने सार भरलं, थेंब न सांडता, बोट काठाला न लावता, आणि बाहेर गेल्या.

"भावोजी, आता पिया. उकळ्या उकळ्या करून आणलंय."

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग त्यांनी मास्क खाली केला, ग्लास घेतला, आणि एक घोट घेतल्यावर डोळे मिटले. काकू पदराला हात न लावता, ओले हात हवेत धरून उभ्या होत्या. ते कुठेही पुसायचे नाहीत, हे त्यांच्या लक्षात होतं.

"वहिनी," पप्पा म्हणाले, "जेवलात का तुम्ही?"

"नाय अजून."

"मग पान घ्या इथेच."

त्या दिवशी आम्ही चौघं एकत्र जेवलो, पप्पा थोड्या अंतरावर, खिडकीपाशी. त्यांचं ताट वेगळं होतं आणि आमटी एका टोपातली होती.

पुढचे कितीतरी दिवस काकू सकाळी येत, अंगठी तसबिरीपुढे ठेवत, आणि आमच्या भांड्यांत आमचा स्वयंपाक करत. तपासणीला गेलो की आकडे चांगले यायचे. एकदा डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं? काही बदलू नका." पप्पा म्हणाले, "माझी शेजारीण." आई टाके सुकल्यावर ओट्यापाशी परतली, तरी काकूंचं येणं थांबलं नाही, आता दोघी मिळून करतात आणि मला हाकलून देतात. मी हे लिहिते आहे तेव्हा आतून दोघींचा वाद ऐकू येतोय, मीठ कुणी घातलं यावरून. पप्पा पाणी पितायत.

मला आजवर जे जे मोठं वाटत आलं, ते सभेच्या मंचावर होतं. आता एक बाई आपल्या पोटातली किडनी काढून देते आणि दुसरी बाई ती टिकावी म्हणून रुतलेली अंगठी ओढून काढते, ह्याच्यापुढे मला मान झुकवावीशी वाटते. आणि हे सगळं घडलं नसतं, आम्ही तोंड उघडलं नसतं तर. कदाचित मी आज पप्पांबद्दल वेगळंच काही लिहीत असते.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते आजच पुरं करा. तुमच्या इमारतीत, चाळीत, गल्लीत नुकतं कुणी दवाखान्यातून घरी आलं असेल. त्यांच्यासाठी डबा भरू नका. आधी रिकाम्या हाताने जा, दार वाजवा आणि विचारा: काय चालतं, काय चालत नाही, आणि का. उत्तर ऐकून घ्या, रागावू नका. मग म्हणा, "मी तुमच्या ओट्यावर करून देते," किंवा "करून देतो." पुरुषांनो, तुम्हीही. आणि हात धुवा, कोपरापर्यंत.